सातपूरच्या रिंगा आणि नाईक कारभारी

नव्वदीचं दशक सरत आलं होतं तेव्हा आमची पलटण नियंत्रण रेषेवर चढली. आमच्या कंपनीची पोस्ट एका उघड्या कड्यावर होती. समोर तेवढ्याच उंचीवर त्यांचा बंकर, मध्ये खोल नाला. खाली जाणारी पायवाट नाल्याच्या अंगाने उतरायची आणि तिचा मधला पट्टा समोरच्याला स्वच्छ दिसायचा. रेशन, टपाल, आजारी माणूस, सगळं त्याच वाटेने. मी तेव्हा हवालदार होतो. कंपनीच्या स्नायपरची जबाबदारी माझ्याकडे होती. हे काम सिनेमात दाखवतात तसं नसतं. थंडीत दगडावर पालथं पडून दिवसभर काहीही न करणं, हाच त्यातला मोठा भाग.

माझा जोडीदार नाईक कारभारी आहेर. देवळ्याकडचा, कांदा पिकवणाऱ्या घरातला. तो गोळी मारायचा, मी शेजारी दुर्बीण लावून अंतर आणि वारा सांगायचो. एरवी त्याच्या तोंडाची टकळी थांबायची नाही. रायफल हातात आली की मात्र तोंडाला कुलूप. "नाव कारभारी, पन घरात म्हाताऱ्यापुढं माझं काय चालत नाय," असं तो स्वतःच सांगायचा आणि स्वतःच हसायचा.

आमच्याकडे टेलिस्कोपवाली एक जुनी बोल्ट ॲक्शन रायफल होती. रायफल पक्की, टेलिस्कोपची काच उत्तम. पण टेलिस्कोपला रायफलवर धरून ठेवणाऱ्या दोन रिंगांपैकी एकीला चीर गेली होती. सिव्हिलियन माणसाला ही क्षुल्लक गोष्ट वाटेल. पण इथे रिंग केसभर हलली की तिथे समोर गोळी हातभर चुकते. नव्या रिंगांसाठी इंडेंट, म्हणजे मागणीपत्र, पाठवला. उत्तर आलं, नॉट अव्हेलेबल. आमचे कंपनी कमांडर मेजर साहेब पंजाबचे, आमच्यात राहून मोडकं मराठी शिकलेले. मला म्हणाले, "हवालदार, छुट्टी जा रहे हो ना? नाशिक में इतने कारखाने हैं. काहीतरी जुगाड बघ."

मी नाशिकजवळच्या मखमलाबादचा. आमची फुलांची शेती. घरी पोचलो आणि दुसऱ्याच दिवशी चीर गेलेली रिंग खिशात घालून शहरात आलो. एका दुकानात एअरगन आणि त्यांचं सामान मिळायचं. तिथे दोन प्रकारच्या रिंगा निघाल्या. एक परदेशी, पोलादी. तिची किंमत ऐकली आणि ती होती तशी डबीत ठेवून दिली. दुसरी ॲल्युमिनियमची, स्वस्त आणि दिसायला देखणी.

दुकानदार म्हणाला, "छऱ्याच्या बंदुकीला एकदम बेस्ट आहे."

"आणि मोठ्या रायफलला?"

"तिचा झटका मोठा. त्याची गॅरंटी मी नाही देणार, साहेब."

प्रामाणिक माणूस. मी त्याचा चहा घेतला आणि रिकाम्या हाताने निघालो.

शेवटी आठवला बायकोचा भाऊ. सातपूरला एका वर्कशॉपमध्ये लेथवर होता. जवळचा माणूस आपल्याला नेहमी शेवटी आठवतो. मी त्याला दोनच गोष्टी सांगितल्या. उंची जुन्या रिंगेइतकीच ठेव, कारण गाल रायफलच्या बटावर, म्हणजे लाकडी दस्त्यावर, नीट टेकला पाहिजे. आणि गोळी भरायला बोल्टची मूठ वर उचलली की टेलिस्कोपला अडायला नको. त्याने पोलादाचा तुकडा निवडला आणि दोन्ही रिंगांची भोकं, तुकडा लेथवरून न सोडता, एकाच बांधणीत काढली, म्हणजे त्या एका रेषेत बसतील. मजुरी विचारली तर म्हणाला, "दाजी, पैशाचं काय घेताय मनावर! कॅन्टीनची एक रम आणा." बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. देशाच्या कामात बाटली कशाला, असं तिचं म्हणणं होतं. रिंगा झाल्या मात्र सुरेख.

परत आल्यावर बेसच्या रेंजवर मी आणि कारभारीने त्या बसवल्या. रिंगांच्या आतली बाजू आणि टेलिस्कोपची नळी स्पिरिटने पुसून कोरडी केली. तिथे तेलाचा थेंब नको. मग टेलिस्कोप सरळ आहे ना ते पाहून स्क्रू आलटून पालटून, थोडे थोडे आवळले. आपल्या माणसाला स्क्रू दिसला की तो बैल खुंट्याला बांधावा तसा आवळतो. तसं केलं तर नळी चेपते. कारभारीने सावकाश केलं. मग त्याने गोळ्या मारल्या आणि सगळ्या एका रुपयाच्या नाण्याखाली झाकल्या जातील इतक्या जवळ लागल्या. पलटणीच्या सीओ साहेबांनी खर्च विचारला. मी म्हणालो, "एक बाटली रम, सर." साहेब हसले. बाकीच्या कंपन्यांनी मात्र छळ मांडला. आहेरने रायफलला बांगड्या भरल्या, असं लंगरपर्यंत पसरलं. कारभारी म्हणायचा, "हासा, हासा. येळ आली का बगू."

वेळ दसऱ्यानंतर आली.

खंडेनवमीला मी बटालियन हेडक्वार्टरला गेलो होतो. कारभारीच्या घरी त्या दिवशी नांगर, विळे, पाण्याचा पंप, सगळ्यांना तेल-कुंकू लागतं. त्याने पोस्टवर तेच केलं. मोठ्या भक्तीने रिंगा सोडवल्या, घासून चकचकीत केल्या, आतून बाहेरून तेल दिलं, कुंकू लावलं आणि परत बसवल्या. दुसऱ्या दिवशी शस्त्रपूजन झालं. माझ्या भावाने पार्सलने पाठवलेला झेंडू वाटेत चुरा होऊन आला होता, तोच वाहिला. पोस्टवर हुकमाशिवाय गोळी मारायची नाही. त्यामुळे रायफल गोळी मारून तपासली गेली नाही आणि मलाही काही कळलं नाही.

त्यानंतरच्या सकाळी आमची पाणी आणणारी तुकडी नाल्याच्या पट्ट्यात असताना समोरून मशीनगन सुरू झाली. शिपाई महादेव, सांगलीकडचा, नुकताच पलटणीत आलेला, त्याच्या मांडीत गोळी लागली. चौघांनी त्याला स्ट्रेचरवर घेतलं, पण एका मोठ्या दगडाआड अडकले. डोकं वर काढलं की गोळ्या. त्यांच्यातल्या नर्सिंग असिस्टंटचा आवाज वायरलेस सेटवर आला.

"रक्त थांबत नाहीये. अंधारापर्यंत हा टिकणार नाही. ओव्हर."

मेजर साहेब म्हणाले, "अल्फा वन, गन बंद करो. ओव्हर."

अल्फा वन म्हणजे मी आणि कारभारी. त्याने नेम धरला. मी वारा सांगितला. पहिली गोळी बंकरच्या उजवीकडे दगडावर लागली. दुसरी त्याहून लांब. सेटवर साहेबांनी विचारलं, "नाशिकवाली रिंग फेल हो गई क्या?"

अंगण वाकडं म्हणायची सोय होती. सातपूरच्या रिंगेवर सगळं ढकलता आलं असतं आणि कोणी संशयही घेतला नसता. मी दुर्बीण खाली ठेवून रायफलकडे पाहिलं. टेलिस्कोप पुढे सरकला होता. रिंगेच्या कडेने लाल तेल बाहेर आलं होतं.

कारभारी म्हणाला, "उस्ताद, रिंग चांगली हे. तेल म्या घातलं. साहेबाला तसंच सांगा."

मी सेटवर तसंच सांगितलं. साहेब म्हणाले, "कितना टाइम?"

"दहा मिनट, सर."

"दिया."

कारभारीने तिथेच पालथं पडून रिंगा सोडवल्या. माझ्या फर्स्ट एड पाकिटातल्या स्पिरिटने पुसल्या आणि परत बसवल्या. बोटं गारठलेली होती, पण स्क्रू त्याने बेसवर आवळले होते तसेच सावकाश आवळले. घाई माझ्या छातीत होती, त्याच्या हातात नव्हती. आता अडचण एकच. टेलिस्कोप पुन्हा बसवला म्हणजे तो पुन्हा जुळवावा लागतो आणि त्यासाठी गोळ्या माराव्या लागतात. प्रत्येक गोळी समोरच्याला आमची जागा सांगणार होती. हे त्याला माझ्याइतकंच माहीत होतं.

मी म्हणालो, "मी मारतो. तू मागे सरक."

"तुमचा नेम मला ठाव हे, उस्ताद," तो म्हणाला. त्या परिस्थितीतही मला हसू आलं.

बंकरच्या बाजूला एक पांढरा दगड होता. त्यावर त्याने तीन गोळ्या मारल्या. दर वेळी मी फरक सांगितला, त्याने टेलिस्कोपची फिरकी वळवली. तिसरी मधोमध बसली. चौथी बंकरच्या फटीत गेली आणि मशीनगन गप्प झाली.

"स्ट्रेचर, मूव्ह!" साहेबांचा आवाज. "अल्फा वन, जगह छोडो."

मी कारभारीचा खांदा ओढला. तो हलला नाही. बंकरच्या फटीत दुसरा माणूस गनवर येताना दिसला. कारभारीने त्यालाही तिथे टिकू दिलं नाही. "वळनाच्या पार जाऊ द्या त्यास्नी," एवढंच बोलला. मी दुर्बिणीतून स्ट्रेचर पाहत होतो. पाचही जण वळणाआड गेले.

मी म्हणालो, "गेले. सगळे गेले. चल आता."

तो "बरं" म्हणाला आणि उठायला लागला. तेवढ्यात वरच्या अंगाला असलेल्या त्यांच्या दुसऱ्या मोर्च्यातून फैर आली. नाईक कारभारी आहेर माझ्या हातात गेला. मी रडलो. त्याची लाज मला तेव्हाही वाटली नाही, आजही वाटत नाही.

आता मी नाशिकला, गंगापूर रोडला राहतो. ही गोष्ट ऐकली की कोणीतरी हमखास म्हणतं, तेल लावलं नसतं तर? मी त्यांना तिथेच थांबवतो. चूक सगळ्यांच्या हातून होते. चूक झाल्यावर ती मोठ्याने सांगायची, दुरुस्त करायची आणि पुढचा धोका आपल्याच अंगावर घ्यायचा, असा माणूस मी एकच पाहिला. त्याचा जोडीदार होतो, याचा मला माझ्या सगळ्या पदकांपेक्षा जास्त अभिमान आहे.

मी रिटायर झाल्यावर महादेवचा फोन आला. त्याला देवळ्याला जायचं होतं, एकट्याने जायची हिंमत होत नव्हती. मी त्याला नाशिक रोड स्टेशनवर उतरवून घेतलं. थोडा लंगडत होता. दोघे एसटीने गेलो.

कारभारीचे वडील ओट्यावर बसले होते. त्यांना मी पूर्वीच सगळं सांगितलं होतं, तेलासकट. तेव्हा त्यांनी एकच विचारलं होतं, "खालची पोरं सुटली, हे त्याला कळलं का?" मी म्हणालो होतो, "हो बाबा, मीच सांगितलं त्याला."

या वेळी मी म्हणालो, "बाबा, हा महादेव."

महादेवने पाय धरले आणि तसाच बसून राहिला. म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघेना. बायकोमुलांचं विचारलं तरी उत्तर जमिनीकडे बघूनच. एकदा पुटपुटला, "माझ्यामुळं गेला तो."

म्हाताऱ्याने त्याच्या हनुवटीखाली हात घातला आणि चेहरा वर उचलला.

"मान वर कर, पोरा," ते म्हणाले. "माझ्या कारभारीनं तुला मान खाली घालून जगाया नाय वाचवलं."