सोयाबीन, छत्री आणि माझा ठाम अंदाज

पावसाचा अभ्यास करून पोट भरणारा आमच्या घराण्यात मी पहिलाच. संगणकावर देशाचे चौकोन पाडायचे, कुठल्या चौकोनात पाऊस दडी मारतो आणि कुठल्या चौकोनात एका दुपारीच महिन्याचा कोसळतो ते बघायचं, आणि त्यावर इंग्रजीत निबंध लिहायचे, हा माझा धंदा. माझी धाकटी बहीण शिरड शहापूरला दिली आहे. तिचं गाव, आजूबाजूची सगळी गावं, पलीकडे सिद्धेश्वरचं धरण, हे सगळं माझ्या एकाच चौकोनात मावतं. त्या चौकोनावर मी तासभर भाषण ठोकू शकतो. तिच्या शेतात उद्या पाऊस पडेल का, एवढं मात्र मला सांगता येत नाही. हे तिला समजावता समजावता माझे केस गेले.

"मग इतकी वर्षं शिकून राहिला होतास ते काय?" ती विचारते. माझे साहेबही हेच विचारतात.

ही गोष्ट घडली त्या वर्षी मात्र तिच्या विचारण्यात गंमत नव्हती. मेहुणे पुण्याला कंपनीत असतात. शेत बहीणच करते आणि झकास करते. पण आदल्या वर्षी तिनं स्वतःच्या मनानं सोयाबीन कापलं, शेतात पसरलं, आणि त्यावर पाऊस आला तो थांबेचना. शेंगांतच कोंब फुटले. तिचा धाकटा दीर माणूस चांगला, पण चारचौघांत म्हणाला, "वहिनी, अजून एक साल बघू. पुन्हा असं झालं तर शेत मी करतो. तुमी दादाकडं पुण्याला जावा."

पुण्याला म्हणजे मेहुण्यांच्या एका खोलीत. "तिथं दिवसभर मी काय करू रे? भिंतीला खुरपू?" असं ती फोनवर म्हणाली आणि रडायला लागली. ती रडणाऱ्यांतली नव्हे. शाळेत मास्तरांनी छड्या मारल्या तरी तिच्या डोळ्यांतून टिपूस यायचं नाही. मी दसऱ्याची सुट्टी टाकली आणि एसटीत बसलो.

निघताना आमच्याकडे पाऊस चालू होता. बायकोनं काखेत छत्री कोंबली. शिरड शहापूरला उतरलो तर डोळे दिपवणारं ऊन, आणि मी छत्री काखेत धरून गावातून चाललो. हॉटेलवर बसलेल्यांतला एकजण म्हणाला, "राम राम पाव्हणं. छत्री काहून आणली?" मी हसून म्हणालो, "असू द्यावी."

आता यात काय चुकलं? इतर कुणी म्हटलं असतं तर काहीच नाही. पण मी पडलो पावसाचा शास्त्रज्ञ. एवढ्या उन्हात पावसाचा माणूस छत्री घेऊन येतो आणि वर असू द्यावी म्हणतो, म्हणजे त्याला आतली खबर असणार, असं गावानं ठरवलं. संध्याकाळपर्यंत अख्ख्या शिवारातली कापणी थांबली. कापणीच्या बाया शेजारच्या गावाला निघून गेल्या. इकडे मी बहिणीच्या हातची पुरणपोळी हाणत होतो. निबंध लिहून जे मला आजवर जमलं नव्हतं ते एका छत्रीनं केलं. लोकांनी माझा अंदाज मानला होता, आणि तो मी दिलेलाच नव्हता.

सकाळी बहीण शेतात गेली आणि तणतणत परत आली. "बाया न्हाईत! एक बी न्हाई! शेंगा तडतडून राहिल्यात, दाणे मातीत चाललेत, आन् गाव म्हणतंय तुझ्या भावानं पाऊस सांगितला. कवा सांगितलास रे?"

ओसरीवर माणसं जमलेलीच होती. दीरही होता. मी घसा साफ केला आणि खुलासा सुरू केला. आर्द्रता, वाऱ्याची दिशा, बंगालच्या उपसागरात विरत चाललेला कमी दाबाचा पट्टा, सगळं सांगितलं. फोनवर उपग्रहाचं चित्र दाखवलं. शेवटी म्हणालो, "तेव्हा पावसाची शक्यता कमी आहे, पण नाकारता येत नाही."

"म्हंजे येतो व्हय?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"तसं नाही."

"मग येत न्हाई?"

"तसंही नाही म्हणता येत."

दीर शांतपणे म्हणाला, "पाव्हणं, तुमी जेवणार का न्हाई, ते तरी बराबर सांगता का घरी?"

सगळी ओसरी हसली. मीही हसलो. काय करणार?

बहिणीनं मला दंडाला धरून चुलीपाशी नेलं. "कापू का नको?"

"अगं, धोका थोडा आहेच. निर्णय तू—"

"निर्णय मी! दर बारी निर्णय मीच! खरं सांग म्हणत न्हाई मी, देवालाबी खरं सांगता येत न्हाई. ठाम सांग. आन् हितं नको, भायेर जाऊन सांग. सगळ्यांपुढं. भाऊजींपुढं."

"आणि चुकलं तर?"

"तू सांग म्हणते ना!"

तिचे डोळे भरले होते. मी बाहेर गेलो. आयुष्यात पहिल्यांदाच शक्यता हा शब्द न वापरता बोललो, "कापा. पाऊस येत नाही." असं वाक्य बोलल्यावर माझ्या कार्यालयात मला कुणी बसू दिलं नसतं. दीरानं माझ्याकडे नीट बघितलं, आणि बायांना परत आणायला तो स्वतःची जीप घेऊन गेला.

दोन दिवसांत बहिणीचं सगळं सोयाबीन आडवं झालं. दीराचंही झालं. मी बांधावर उभा राहून आभाळाकडे असा बघत होतो, जणू ते मी स्वतः तयार केलंय.

तिसऱ्या दिवशी दुपारी औंढ्याच्या बाजूनं काळं उठलं. माझ्या चौकोनात दुसरीकडे कुठेही नाही, नेमकं तिथंच. ताडपत्री ओढताना मी दोनदा चिखलात आपटलो. निम्मे ढीग झाकले, निम्मे भिजले. पाऊस अर्ध्या तासात थांबला. दीर पळत आला, नखशिखान्त भिजलेला, आणि त्यानं तोंड उघडलं, "वहिनी, मी म्हणलो व्हतो—"

"मला काय म्हणता भाऊजी?" बहीण अख्ख्या शिवाराला ऐकू जाईल असं ओरडली. "एवढा मोठा शास्त्रज्ञ सगळ्यांपुढं काप म्हणला, म्हणून कापलं. तुमी न्हाई कापलं?"

दीरानं माझ्याकडे बघितलं. बायांनी बघितलं. बांधापलीकडच्या माणसांनीही बघितलं. मग त्यानं मुकाट्यानं ताडपत्रीचं दुसरं टोक धरलं.

पुढे कडक ऊन पडलं. ढीग पालथे करून करून वाळवले. दाणा थोडा काळवंडला, पण माल घरी आला. पुण्याच्या खोलीचं नाव पुन्हा निघालं नाही. गावानं मात्र मला मनसोक्त शिव्या घातल्या. हॉटेलवर अजूनही माझं नाव निघालं की चहा सांडेपर्यंत हसतात म्हणे.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला. "सोयाबीन पिवळं पडून राहिलंय. कवा येतोस सांगायला?"

"अगं, पुन्हा चुकेल माझं!"

"चुकू दे की," ती म्हणाली. "बराबर आलं तर मी एकटी पुरते. चुकलं का एकटीला लई जड जातं रे, दादा."