शेंदराखालची शेवटची ओळ

सातवीत शाळा सोडून मी आईबापाबरोबर ऊसतोडीला गेले. आता पुण्यात एका संस्थेत जुन्या शिलालेखांचे फोटो वेबसाइटवर चढवते. त्यावरची अक्षरं मला लागत नाहीत. ज्या मॅडमनी हे काम शिकवलं त्यांचे उपकार इतके, की त्यांनी काही मागायच्या आत माझा जीव धावत सुटतो.

एक दिवस आमच्याच गावचा दगड स्क्रीनवर आला. तेलगावजवळचं आमचं गाव, मारुतीच्या पाराला टेकवलेला दगड, कुणीतरी फार पूर्वी काढलेला फोटो. वरच्या चार ओळी मॅडमनी वाचल्या. शेवटची शेंदराखाली होती. ती मिळाली तर दगड कुणी उभा केला ते कळेल, म्हणाल्या. मी लगेच बोलून गेले, तात्यांना सांगते. तात्या म्हणजे माझे चुलते. दर शनिवारी त्या दगडाला तेल-शेंदूर तेच लावतात. नुसतं पाणी आणि मऊ ब्रश, असं मॅडमनी बजावलं.

फोनवर तात्यांना म्हणाले, शेंदूर काढून फोटो पाठवा. पुढचं जिभेवर आलं होतं. पण ज्यांनी जन्मभर देव धुतले त्यांना घरच्या पोरीनं धुणं शिकवायचं? राहिलं ते.

शनिवारी फोटो आला. वेल्डिंगवाल्याचं ग्राइंडर आणून, त्याला तारेचा ब्रश लावून तात्यांनी अख्खा दगड घासला होता. हार घातलेला, नारळ फोडलेला, दगड आरशासारखा. शेवटची ओळ नव्हती. वरच्या चारही नव्हत्या.

"लई चकाचक झालाय न्हवं?" तात्या म्हणाले. "तुज्या साह्यबांपुढं तुजी मान खाली जाऊ दिली न्हाई."

मी हो म्हणाले.

तो फोटो मॅडमपुढं ठेवला. काम जाणार हे धरूनच चालले होते. त्यांनी चष्मा काढला, पुसून पुन्हा लावला. मग जुना-नवा दोन्ही फोटो वेबसाइटवर एकाखाली एक लाव म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

परवा तात्यांचा फोन. हॉटेलात बसून सगळ्यांना वेबसाइट दाखवत होते.

"पोरी, त्यो आदीचा मळका फोटू कावून ठिवलाय? काढून टाक की."

"असू द्या, तात्या."

"बरं," ते म्हणाले. "तुला कळतंय त्यातलं."