आक्कांचा व्हिडिओ कॉल

अनगोळच्या आमच्या जिममध्ये बायकांच्या बॅचला फोन आत आणायचा नाही, असा नियम होता. तो मोडणाऱ्या एकट्या आक्का. साठीच्या घरातली ही बाई सुनेचा पंजाबी ड्रेस घालून यायची, ट्रेडमिलवर फोन उभा करायची आणि चालता चालता त्याला दटावायची. "वर. आनी जरा वर." मोठ्याने लावलेल्या गाण्यांतूनही तो आवाज ऐकू यायचा.

एकदा ट्रेनर मुलीने त्यांना फोन बाहेर ठेवायला सांगितले. आक्कांनी वाद घातला नाही. फोन तिच्याकडे वळवला. पलीकडे घरी खुर्चीत त्यांचे यजमान, आप्पा, बसले होते. निपाणीला दुकान चालवणारा हा माणूस अर्धांगवायूनंतर इथे मुलाकडे येऊन राहिला होता. उजव्या हातात पाण्याची लहान बाटली, जेमतेम मांडीवरून उचललेली. व्यायाम शिकवायला घरी येणाऱ्या माणसाला त्यांनी परत पाठवले होते. आपला हात थरथरताना परक्याने पाहिलेला त्यांना सोसत नव्हता.

"म्या चालाय लागलं की ते हात उचलत्यात," आक्का म्हणाल्या. "म्या थांबलं की ते बी थांबत्यात बघा."

त्यानंतर फोनचा विषय कुणी काढला नाही. फोनमध्ये मागे फक्त भिंत दिसेल असे कोपऱ्यातले मशीन त्यांचेच ठरून गेले. त्यांचे स्वतःचे गुडघे दुखत. मशीनवरून उतरल्यावर त्या बराच वेळ दांडी धरून उभ्या राहत. आप्पांना मात्र फक्त चेहरा दिसायचा, आणि तो हसरा असायचा.

एका सकाळी मध्येच रेंज गेली. पडदा काळा झाला. आता जरा बसा, असे आम्ही म्हणालो. आक्का चालतच राहिल्या, आधीच्याच वेगाने, त्या काळ्या पडद्याकडे बघत. आम्ही सगळ्या आपापले व्यायाम सोडून उभ्या होतो. बऱ्याच वेळाने फोन लागला. आप्पा घामाने भिजले होते, बाटली खांद्यापर्यंत आलेली.

"थांबलीस काय गं?" जड जिभेने त्यांनी विचारले.

"न्हाय," आक्का म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांनी तोंड फिरवून डोळे पुसले.

निपाणीला परत जाण्याआधी दोघे जिना चढून आम्हाला भेटायला आले. आप्पांनी कुंद्याचा, दुधाच्या त्या मऊ मिठाईचा, डबा आणला होता. डावा हात खिशात ठेवून ते उजव्या हाताने एकेकीच्या तळव्यावर चमचाभर कुंदा घालत होते. चमचा हलायचा, थोडे खाली सांडायचे. आम्ही हात पुढे करून उभ्या होतो. आक्काही मदतीला गेल्या नाहीत. दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून त्या नुसत्या बघत होत्या.