कोटाचा किल्लेदार

आमच्या फेस्टसला कोणी नेमलेलं नव्हतं. पण पायवाट त्याच्या कुरणातून जाते आणि तिच्या टोकाला तो गोल दगडी कोट आहे, एवढ्या भांडवलावर त्याने स्वतःला किल्लेदारी बहाल करून टाकली होती. कोटाला चुना नाही, माती नाही. नुसता दगडावर दगड, हजारेक वर्षं उभा. कोट बघायला आलेला पाहुणा फाटकाशी दिसला की फेस्टस हजर. भिंतीवर चढायचं नाही, टेकायचं नाही, आणि शिंक आलीच तर बाहेर येऊन शिंकायचं.

एका सकाळी पाहुणे यायच्या आत फेस्टसचीच मेंढी आतल्या पायऱ्यांवरून भिंतीच्या माथ्यावर जाऊन उभी राहिली. तिला हाकलायला फेस्टस चढला. मेंढी अलगद उतरली. फेस्टस उतरला तो गाडीभर दगड बरोबर घेऊनच.

रविवारी चर्चबाहेर हाच विषय. कोणी जर्मन पाहुण्यांवर संशय घेतला, कोणी डब्लिनकरांवर. फेस्टस आपल्या बुटांकडे बघत राहिला. शेवटी ठरलं, पायवाटच बंद करायची. म्हणजे फाटकाजवळची डीलियाची चहाची टपरीही बंद. डीलिया त्याची थोरली बहीण, विधवा. तिचं घर त्या टपरीवरच चालतं. ती हातमोजे चढवत राहिली.

"भिंत मी पाडली," फेस्टस म्हणाला. इतकं हळू, की फादरनी पुन्हा विचारलं आणि त्याला तेच मोठ्याने सांगावं लागलं.

मग काय! जर्मनांची माफी आता कोण मागणार, इथपासून ते शिंक आली होती का, इथपर्यंत चौकशी झाली. ती त्याने मान खाली घालून सोसली. सोसलं नाही ते डीलियाचं बोलणं.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "टपरीच्या खिडकीतून तोंड नाही दिसलं, पण विजारीचं ठिगळ दिसलं. मीच लावलंय ना ते."

"मग बोलली का नाहीस? टपरी गेली असती तुझी."

"तू बोलशील म्हणून थांबले होते." मोज्याचं बोट सरळ करत ती म्हणाली, "बराच वेळ लावलास, बाबा."

पायवाट उघडी राहिली. पडलेला भाग रचायला सरकारी गवंडी आले, तेव्हा फेस्टस मदतीला गेला. त्यांच्या कानावर कुठून गेलं कोण जाणे. त्यांनी त्याला भिंतीपासून चांगलं लांब उभं केलं. दुपारी डीलिया सगळ्यांना चहा घेऊन आली. फेस्टसने कप घेतला, पण मान काही वर केली नाही.