उशीला लावलेलं कुंकू

माझा धंदा गलाईचा, म्हणजे सोनं-चांदी आटवून शुद्ध करायचा. आमच्या खानापूर तालुक्यातली कितीतरी घरं या धंद्यापायी मुलखभर पांगली. मी मद्रासला आलो तेव्हा मिसरूडही फुटलं नव्हतं आणि शाळा तर त्याच्याही आधी सुटलेली. लिहायला जमतं तेवढं लिहितो. सावकारपेठेतल्या भट्टीपुढे जन्म काढला आणि तिथे एक गोष्ट शिकलो. माणसाच्या तोंडाकडे बघायचं नाही, हाताकडे बघायचं.

आमच्या दुकानात बाहेर जाताना प्रत्येकाने आतल्या घमेल्यात हात धुवायचे असा नेम होता. नखात, रेघांत सोन्याचे कण बसतात. ते पाणी आम्ही फेकत नाही, तळाचा गाळ परत भट्टीत जातो. जो गडी हात धुवायला बाहेरच्या नळावर पळतो, त्याच्यावर मालकाचा डोळा असतोच. मालक ड्रॉवरच्या मुठीला आतून काजळी लावून ठेवायचे. कुणी हात घातला की बोटं बोलायची.

हे सगळं सांगायचं कारण, मागच्या वर्षी साखरेने माझ्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली आणि मुलाने मला अड्यारकडच्या एका हॉस्पिटलात टाकलं. हाताला सूज आली म्हणून अंगठी काढावी लागली. सून म्हणाली, "मामंजी, द्या, घरी ठेवते." मी म्हटलं, "सोनं मी कुणाच्या हातात दिलेलं नाही." ती रुसून तांबरमला घरी निघून गेली आणि अंगठी मी उशीच्या खोळीत सारली.

वॉर्डात दोन सिस्टर. एक जुनी, तोंडाने गोड. सगळ्यांना ताता, अम्मा, म्हणजे आजोबा, आई करायची, येताना दोघा-तिघांना कॉफी आणायची, त्यात मी एक. बोलत बोलत सगळ्यांची ड्रेसिंगं झपाझप उरकायची. दुसरी नवी, तिरुनेलवेलीकडची पोर. मला मानाने 'अय्या' म्हणायची, त्यापुढे एक शब्द जास्त नाही. आणि तिची एक सवय माझ्या डोक्यात बसली. माझ्या अंगाला हात लावला की ती बाहेर बेसिनवर जायची, हात धुवायची, मग पुढच्या कॉटकडे. प्रत्येक कॉटनंतर तेच. कॉटच्या पायाशी हात चोळायच्या औषधाची बाटली अडकवलेली होती, पण ती मी आलो तेव्हापासून रिकामी. तरी माझ्या मनात आलं, दर वेळी बाहेर कशाला जाते? काय घेऊन जाते? की मला शिवल्याचा विटाळ होतो हिला?

शेजारच्या कॉटवर बसचा एक रिटायर कंडक्टर होता. तमिळ माणूस, मला सेट्टु, म्हणजे शेठ, म्हणायचा. मी त्याला शंका बोलून दाखवली. तो म्हणाला, "सेट्टु, तुझ्याकडे आहे काय चोरण्यासारखं? कवळी?"

अंगठीचं त्याला कशाला सांगू?

अशात एक दिवस मोठी मेट्रन वॉर्डात आली. नव्या पोरीने जुन्या सिस्टरविरुद्ध तक्रार केली होती. जुनी सिस्टर हातमोजे बदलत नाही, एकाची जखम हाताळलेल्या मोज्यांनीच दुसऱ्याची हाताळते, असं तिचं म्हणणं. मेट्रन प्रत्येक कॉटपाशी थांबून विचारत होती. कंडक्टर म्हणाला, "ती सिस्टर सोनं आहे सोनं." मला हसू आलं. ज्याने जन्मात सोनं कसाला लावलं नाही तोच असं बोलतो. माझ्यापाशी आल्यावर मी सांगितलं, "मोज्यांकडे माझं लक्ष नव्हतं. पण या नवीवर माझं लक्ष आहे."

पोर तिथेच उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

मेट्रन तिला म्हणाली, "बघ, एकही पेशंट तुझ्या बाजूने बोलत नाही. तू अजून ट्रायलवर आहेस. या आठवड्यात कुणी तुझं खरं म्हणालं तर ठीक, नाहीतर सिस्टरची माफी माग आणि घरी जा."

मला वाटलं, नवी नवी आली आणि जुनीची जागा घ्यायला निघाली. आमच्या धंद्यातही असे येतात. स्वतःचं झाकायला आधी दुसऱ्याकडे बोट.

त्या संध्याकाळी सून आली. तिने तिरुवल्लिकेणीच्या देवळातलं कुंकू आणलं होतं आणि डोक्याला लावायला खोबरेल. ती गेल्यावर मी दोन्ही कालवलं आणि उशीच्या खालच्या अंगाला, जिथे हात घातल्याशिवाय अंगठी सापडणार नाही तिथे, बोटभर फासलं. सकाळी नवी येणार होती. म्हटलं, बघू.

सकाळी ती आली. बीपी घेतलं, मला वर सरकवायला उशी ओढली आणि बोटं लाल झाली. तिने बोटांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि बाहेर गेली. धुऊन आली. मी खोळीत चाचपलं, अंगठी जागेवर. तरी मन म्हणालं, हुशार आहे, आज सावध झाली.

थोड्या वेळाने जुनी सिस्टर ड्रेसिंगची गाडी ढकलत आली. मोजे घातलेलेच होते. "ताता, रात्री झोप लागली का?" म्हणत तिने माझी उशी नीट केली. मोज्यांची टोकं लाल. तिचं लक्ष कंडक्टरकडे, त्याच्या नातवाच्या लग्नाची चौकशी चाललेली. त्याच हातांनी तिने माझी पट्टी सोडली, जखम पुसली, नवी बांधली. तशीच पुढे सरकून तिने कंडक्टरच्या पायाची जखम बांधली. मग त्याच्या पलीकडच्या म्हाताऱ्याची. मी एकटक बघत होतो. मोजे एकदाही उतरले नाहीत. शेवटी तिने ते ओढून गाडीखालच्या डब्यात टाकले आणि गाडी तिथेच ठेवून गेली.

कंडक्टरने पायाकडे बघून बोंब ठोकली, "रक्त, रक्त." पट्टीवर लाल बोटं उमटलेली. माझ्या पट्टीवर गडद, त्याच्या पट्टीवर फिकट, पलीकडच्याच्या पट्टीवर नुसती छटा.

नवी धावत आली. वाकून पाहिलं, वास घेतला. "रक्त नाही हे. कुंकू आहे." तिला सगळं उमगलं असावं. पण ती बोलली नाही. परत तक्रार केली तर आजच घरी जावं लागेल हे तिला माहीत होतं.

आरडाओरड ऐकून मेट्रन आली, मागोमाग जुनी सिस्टर. जुनीने मोठ्या शांतपणे नवीकडे हात केला. "हिलाच विचारा मॅडम. सकाळी हिचे हात लाल होते. आयाने बेसिनवर पाहिलंय. मला खोटं पाडायला हिने पट्ट्यांना लावलंय."

आया दारातून म्हणाली, "होय, लाल पाणी मी पाहिलं."

मेट्रन पोरीला म्हणाली, "सामान आवर."

पोर दाराकडे वळली. मी गप्प राहिलो असतो तर माझ्यापर्यंत कुणी आलं नसतं. पण माझ्या डोळ्यांदेखत झालेली गोष्ट दुसरीच झाली म्हणून कुणी सांगावं, हे मला खपत नाही.

"कुंकू मी लावलं," मी म्हटलं.

मेट्रन वळली. "तुम्ही? कशाला?"

"हिला पकडायला. ही सारखी हात धुवायला जाते. मला वाटलं, काही लांबवते."

कंडक्टर खो खो हसला. पोरीने माझ्याकडे असं पाहिलं की मी पांघरुणाची घडी करायला लागलो.

"ही सकाळी हात धुऊन परत आली. ड्रेसिंगची गाडी आली तेव्हा ही वॉर्डात नव्हती," मी म्हटलं. "लाल पुढे गेलं ते मोज्यांबरोबर. माझ्यापासून याच्यापर्यंत, याच्यापासून त्याच्यापर्यंत. मोजे उतरलेच नाहीत."

जुनी सिस्टर हसली. "ताता, वयामुळे तुमचा गोंधळ होतोय."

मला त्या हसण्याचा राग आला. "गोंधळ होत असेल. गाडीखालचा डबा उघडा. तीन माणसांची ड्रेसिंगं झालीत, मोजे किती आहेत बघा."

मेट्रनने पायाने झाकण उघडलं. पट्ट्यांच्या ढिगावर मोज्यांची एकच जोडी, टोकं लाल. सकाळी आयाने डबा रिकामा केला होता, हे आयानेच सांगितलं. जुनी सिस्टर म्हणाली की मोजे कधी पुरतात इथे? त्यावर मेट्रनने कपाटाकडे पाहिलं. वरपर्यंत मोज्यांची खोकी भरलेली होती. तिने नवीला तिघांच्याही पट्ट्या बदलायला सांगितलं आणि जुनीला बरोबर घेऊन गेली.

जुनीला कामावरून काढलं नाही. खाली बाहेरच्या पेशंटांच्या खिडकीवर बसवलं, तिथे जखमा नाहीत. नवी राहिली. कॉटच्या बाटल्याही भरल्या गेल्या. पण वॉर्डाला ते आवडलं नाही. कंडक्टर पेपर वाचून झाला की पलीकडच्या म्हाताऱ्याला द्यायला लागला, मला नाही. त्याची बायको मला ऐकू जाईल असं म्हणाली, "चांगली हसतमुख बाई घालवली. याला कुणी विचारलं होतं?"

मी म्हटलं, "तुझ्या नवऱ्याच्या पायाने विचारलं होतं." त्यानंतर तीही बोलेनाशी झाली.

दुसऱ्या दिवशी नवी सिस्टर माझ्या ड्रेसिंगला आली. बरोबर कुणी नव्हतं. मोजे घालता घालता म्हणाली, "अय्या, मला चोर समजत होता, तर मला विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर काय सांगितलं असतंस?"

"तुमच्या जखमेचा जंतू दुसऱ्याला लागू नये म्हणून धुते, असं."

"चोरानेही हेच सांगितलं असतं."

तिने दुसरा मोजा चढवला. मग म्हणाली, "मी तुमचे आभार मानणार नाही."

"नको मानू," मी म्हटलं.

हे मला पटलं. गोड बोलली असती तर मला पुन्हा शंका आली असती. "पाय वर घ्या," ती म्हणाली. मी घेतला. पट्टी चिकटली होती, तिने पाणी सोडून हळूहळू सोडवली. दुखलं, पण मी तिला तसं दाखवलं नाही.