थंडोबाचा नियम

बर्फाच्या कारखान्यात एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला गाव थंडोबा म्हणणार नाही तर काय म्हणणार? घाई कशाची नाही, राग कशाचा नाही. "यांच्याशी भांडायला गेलं की आपलंच भांडण गोठतं," असं त्याची बायको म्हणायची. पण एका बाबतीत गडी हट्टाला पेटायचा: धुतल्याशिवाय बर्फावर काही ठेवायचं नाही. मासळीची पाटी आली की आधी नळाखाली. खुद्द मालकाची पाटीसुद्धा त्यानं एकदा तशीच परत धाडली होती.

गावात खून झाला तेव्हा दवाखान्यात प्रेत ठेवायची सोय नव्हती. पोस्टातली कारकून बाई, बाहेरगावची, भाड्याच्या खोलीत गळा आवळलेली सापडली. शहरातला डॉक्टर दुसऱ्या दिवशी यायचा होता, म्हणून पोलिसांनी तिला कारखान्यात आणलं. राखणीला ठेवलेला हवालदार चहाला म्हणून गेला तो तासाभरानं उगवला. तेवढ्यात थंडोबानं तिचे हात पाहिले. रक्तानं माखलेले, नखं मोडलेली. त्यानं स्टोव्हवर पाणी कोमट केलं, हात धुतले, नखांतली घाण काडीनं काढली, तोंड पुसलं आणि मगच तिला बर्फावर घेतलं. सख्ख्या बहिणीचं केलं असतं तसंच केलं.

डॉक्टरानं ते हात पाहून कपाळ बडवून घेतलं. बाईनं मारणाऱ्याला ओरबाडलं होतं, त्याची कातडी नखांत सापडायला हवी होती. "बर्फाचं पाणी लागलं असेल," हवालदार म्हणाला, कारण त्याला स्वतःची नोकरी वाचवायची होती. थंडोबाला त्यानं तोंड शिवून बसायचा दम भरला. तिच्या घरमालकाच्या मानेवर ताजे ओरखडे होते; तो म्हणाला, मांजरानं बोचकारलं. पुरावा नाही म्हणून सुटलाही.

गावाचं काय, चार दिवस कुजबुजलं आणि आपापल्या कामाला लागलं. घरमालक पुढे पिकलं पान होऊन गेला, तेव्हा अर्धं गाव त्याला पोचवायला होतं. थंडोबा गेला नाही. का, ते कुणी विचारलंही नाही.

तो सत्तरीला टेकल्यावर एका दुपारी एक बाई घर शोधत आली. त्या पोस्टातल्या बाईची मुलगी. आई गेली तेव्हा तीन वर्षांची होती, आजीकडे वाढली.

"आजी गेल्या महिन्यात गेली," ती म्हणाली आणि पिशवीतून एक राखाडी स्वेटर काढला. "तुमच्यासाठी विणून ठेवला होता. आई नीट दिसली ती तुमच्यामुळे. त्या अख्ख्या गावात एक माणूस होता, म्हणायची."

बायकोनं आतून डोळ्यांनी खुणावलं: घ्या मुकाट्यानं. खरंच, काय बिघडलं असतं? मेलेलं उकरून कुणाचं भलं झालंय? पण थंडोबाला फुकटचं घ्यायची सवय नव्हती.

"पोरी, तुझ्या आईच्या नखांत त्याची कातडी होती. मी ती धुऊन टाकली. तो सुटला तो माझ्यामुळे."

ती त्याच्या हातांकडे बघत राहिली.

"आजीला सांगितलं नाहीत?"

"सांगणार होतो. पण तुझ्या आईला न्यायला आली तेव्हा तिनं माझे हात धरले आणि रडायला लागली. मग जीभच उचलेना."

ती उठली. थंडोबानं स्वेटर पुढे केला.

"तो आजीनं दिलाय," ती म्हणाली. "मी नाही."

चपला घालून ती पायरी उतरली, आणि तिथंच थांबली. वळली नाही. चाळिशी ओलांडलेली बाई, पण आवाज भलताच लहान निघाला.

"नखं साफ करताना... तिला लागलं नसेल ना?"

"नाही," थंडोबा म्हणाला. "पाणी कोमट होतं."