पाणी येईपर्यंतचे चेहरे

“हलू नका, असं मी म्हणत नाही. जरा कमी हला, इतकंच.”

समोरच्या घरातल्या मॅडमनी हे वाक्य आमच्या गल्लीत प्रत्येकाला ऐकवलं होतं. मला तर इतक्यांदा, की शेवटी मी वैतागून म्हणाले, “मॅडम, तुम्ही भिंतीचं चित्र काढा ना, ती अजिबात हलत नाही.”

माझंही काही चुकत नव्हतं. नळाला पाणी येण्याचा दिवस आमच्या शहरात कसा जातो, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. दिवस ठरलेला, वेळ नाही. सगळी गल्ली पाइप आणि ड्रम मांडून आपापल्या पायरीवर. मी शिलाई मशीन बंद करून बसलेली, गिऱ्हाइकांचे ब्लाउज तसेच पडलेले, जीव नुसता खालीवर. शाळेत गणित शिकवणाऱ्या या बाईंनी चित्रं काढायला नेमकी हीच वेळ निवडली होती. एरवी तुमच्यापैकी जागेवर बसतं कोण, असा त्यांचा सवाल होता.

मांडीवर जाड कागदाची वही, वाटीत पाणी आणि डबीत फक्त तीन रंग. पिवळा, विटकरी, निळा. काळेसावळे, गोरेगोमटे, सगळे त्यातूनच निघायचे. “मला जरा उजळ दाखवा,” असं मी म्हटलं, तर म्हणाल्या, “तुमच्यात निळा कमी टाकते, बस्स.” शेजारचे रिक्षावाले भाई वहीत डोकावून हिरमुसले.

“मॅडम, मेरा नाक इत्ता बडा हय क्या?”

“मैं तो कमीच करके निकाली, भाई.”

चित्र जरा रंगात आलं की नळ गुरगुरायचा आणि पळापळ सुरू. त्यामुळे वहीतला एकही चेहरा पूर्ण नव्हता. माझा डावा कान राहिला, भाईंची हनुवटी राहिली. मॅडमना त्याचं काही वाटत नसे. “तुमच्यावर हात बसवतेय,” म्हणायच्या. “मला अण्णा काढायचेत. पूर्ण.”

अण्णा म्हणजे त्यांचे वडील. त्यांना हळूहळू सगळ्याचाच विसर पडत चालला होता. कधी लेकीलाच विचारायचे, “बाई, तुम्ही कोणाच्या?” दिवसभर या खोलीतून त्या खोलीत येरझाऱ्या. फक्त पाण्याच्या दिवशी नळासमोर खुर्ची टाकून बसायचे. पाण्याची राखण हे आपलं काम, एवढं त्यांच्या डोक्यात पक्कं राहिलं होतं. “हेही विसरले, तर अण्णा मला बसलेले दिसणारच नाहीत,” असं मॅडम एकदा म्हणाल्या आणि वाटीत उगाच ब्रश फिरवत राहिल्या. मला फार वाईट वाटलं.

मग एका सकाळी त्यांनी अण्णांनाच काढायला घेतलं. कपाळ झालं, नाक झालं, डोळे उतरू लागले, आणि माझ्या दारातला नळ गुरगुरला. अण्णांनी कान टवकारले.

“पाणी आलं काय गं?”

“नाय आलं, अण्णा. बसा.”

आपल्या नळाची तोटी मॅडमनी आधीच घट्ट आवळून ठेवली होती. मी भाईंकडे पाहिलं, भाईंनी माझ्याकडे. एरवी पाणी आलं की आमच्या गल्लीत कोणाचं कोणाला ऐकू येत नाही. त्या दिवशी कोणी हाक मारली नाही, बादली आपटली नाही. भाईंनी मोटरच लावली नाही. मी आमचा पाइप मॅडमच्या घरात मागच्या दारानं नेला आणि पाणी वाजू नये म्हणून त्यांच्या ड्रमच्या तळापर्यंत सोडला. माझी टाकी अर्धीच भरली.

शेवटी मॅडमनी ब्रश ठेवला आणि वही अण्णांपुढे धरली. “वळखा बरं, कोण हाय?”

अण्णांनी बराच वेळ पाहिलं. “ठाव नाय. पण लई वेळचा वाट बघतोय बिचारा. सांगा की त्याला, पाणी आलं म्हणून.”

मॅडमनी उठून तोटी सोडली. “आलं, अण्णा,” म्हणाल्या, आणि आमच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

पुढे अण्णा गेले. मॅडमची बदली झाली आणि त्या देवगाव रंगारीला राहायला गेल्या. जाताना माझं पान मला देऊन गेल्या. “कान पूर्ण करायला येते एकदा,” म्हणाल्या. आल्या नाहीत. त्यांची आठवण येते आणि रागही येतो.

पाण्याच्या दिवशी मी अजून पायरीवर बसते. नळ गुरगुरतो, भाई ओरडतात, “भाभी, पानी आया!” मी लगेच उठत नाही. डावा कान समोरच्या बंद दाराकडे करून, थोडा वेळ, कमी हलते.